पाचोळ्याची ओटी

माझी सून पाचोळा मोजते. आता हे मी कोणालाही न अडखळता सांगते. पहिल्या वर्षी मात्र कोणी विचारलं, "सूनबाई काय करतात?" की "कॉलेजात असते" एवढं बोलून मी चहा टाकायच्या निमित्ताने आत पळायचे. सावद्याजवळच्या आमच्या गावात पोराटोरांनाही केळीतलं कळतं. घड कितीचा भरला, भाव काय निघाला, वादळाने कोणाची बाग झोपवली, यावर कोणीही तासभर बोलेल. पण झाडावरून गळून पडलेलं वाळकं पान उचलायचं, भट्टीत सुकवायचं, सोनाराच्या काट्यासारख्या काट्यावर तोलायचं आणि त्यावर जाडजूड प्रबंध लिहायचा, हे मी शेजारणीला कुठल्या तोंडाने सांगू? आमच्याकडे वाळकं पान म्हणजे कापून बांधावर फेकायची वस्तू.

भूमिकाचं माहेर शिंदखेड्याचं. लग्न करून आली तेव्हा आमच्या घरात दोन भाषा झाल्या. आम्ही "हाये" म्हणायचं आणि तिने "शे" म्हणायचं. माझे यजमान लीलाधर तर तिला मुद्दाम बोलतं करायचे आणि ती अहिराणीत भरधाव सुटली की मिशीत हसायचे. माझा पियुष जळगावला नोकरीला, शनिवारी यायचा. उरलेले दिवस ही आमच्यात. पोरगी गोड, कामाला वाघ, पण हट्टी. तो हट्ट मला आवडतो, फक्त माझ्या विरोधात नसला म्हणजे.

तिचं काम असं. सातपुड्याच्या पायथ्याशी तिने सागाची दोन जंगलं निवडली होती. एक आतलं, वनखात्याच्या चौकीच्या पलीकडचं, राखीव. तिथे माणसाचा वावर जवळजवळ नाही. दुसरं उंबरटेक नावाच्या गावाला लागून असलेलं. तिथे गुरं चरतात, सरपण जातं, झाड तुटतं, वाट पडते. दोन्हीकडे तिने जाळ्या बांधल्या होत्या. चार काठ्या रोवायच्या आणि कमरेच्या उंचीवर मच्छरदाणीच्या कापडाची झोळी ताणायची, वरून पडलेलं पान त्यात झेललं जावं म्हणून. दर महिन्याला जाळीतला माल पिशवीत भरायचा, घरी आणून पान वेगळं, काडी वेगळी, फूल-फळ वेगळं करायचं आणि तोलायचं. माणसाच्या वावराने जंगलाचं पान किती घटतं, ते तिला काढायचं होतं.

"पण कायले?" मी एकदा विचारलं.

"आई, पाचोळा म्हणजे जंगलाचं खत. तो कुजला की माती होते. तो घटला की पुढच्या झाडांची उपासमार."

"मंग शेनखत टाका म्हना दोन ट्राल्या," मी म्हटलं. ती इतकी हसली की मलाच माझा विनोद आवडला. त्या रात्री जेवताना मी तो यजमानांना पुन्हा ऐकवला.

त्या जाळ्या मीच शिवल्या होत्या. लग्नात आलेलं माझं शिलाई मशीन, त्यावर मच्छरदाणीचं कापड. नंतर तिचा मदतनीस मुलगा सुरतेला नोकरीला निघून गेला आणि जंगलात हिने एकटीने जाऊ नये असं चौकीवरून सांगण्यात आलं, तेव्हा मी म्हटलं, मी येते. गुडघे कुरकुरले, पण घरात बसून केळीचे भाव ऐकण्यापेक्षा बरं. आमच्या जुन्या व्हॅनमध्ये ही गाडी चालवणार आणि मी शेजारी बसून "हळू, हळू" म्हणणार, अशी आमची वरात दर महिन्याला निघायची.

उंबरटेकच्या बायकांनी पहिल्यांदा त्या जाळ्या बघितल्या आणि त्यांना त्यांचा फार छान उपयोग दिसला. दुसऱ्या खेपेला आम्ही गेलो तर एका जाळीत ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घातलेल्या. नीट, एकावर एक न चढवता. खालून वारा, वरून ऊन, शेळी तोंड घालू शकत नाही. मीसुद्धा मनात म्हटलं, अशी एक गच्चीवर हवी. भूमिकाने कपाळाला हात लावला, पण चिडली नाही. मांडी घालून बसली आणि अहिराणीत सगळ्यांना समजावलं की ही जाळी झाडाची शे, झाड काय देतं ते बघायचं शे, कोणी हात लावायचा नही. आपल्या बोलीत बोलणारी शिकलेली पोरगी बघून त्या बायका विरघळल्याच. भिकुबाई म्हणून तिथली वडीलधारी बाई आहे. काठीसारखी सरळ, आवाज असा की शेताच्या या टोकाची त्या टोकाला हाक ऐकू जाईल. तिने तिथल्या तिथे जाहीर केलं की ही आपली आंडेर, म्हणजे लेक. आणि लेकीची सासू म्हणून मी आपोआप याहीनबाई झाले. तीस वर्षांपूर्वी सून म्हणून मिळाला नाही तितका मान मला तिथे विहीण म्हणून मिळाला. जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. माझ्या पाठीला टेकायला भिकुबाई घरातल्या मधल्या खांबापाशी घोंगडी अंथरायची.

आता यात अडलं कुठे होतं ते सांगते. भूमिका सात-आठ वर्षं तासांच्या हिशोबाने कॉलेजात शिकवत होती. आज तास आहे, उद्या नाही, सुट्टीत पगार नाही. एवढं शिकून पोरगी दर जूनला नव्याने अर्ज घेऊन प्राचार्यांच्या दाराशी उभी राहायची, ते मला बघवायचं नाही. आणि त्या वर्षी आमच्या जवळच्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची कायमची जागा निघाली. अट एकच, जूनअखेर प्रबंध सादर झालेला हवा. पहिल्या वर्षाचे आकडे हातात होते, दुसऱ्या वर्षाचे शेवटचे महिने चालू होते. पानगळीचे महिने, म्हणजे सगळ्या कामाचा गाभा. ते झाले की झालं. मी तर मनातल्या मनात तिच्या टेबलावर तिच्या नावाची पाटीसुद्धा ठेवून मोकळी झाले होते.

होळीच्या सुमाराला आम्ही उंबरटेकला गेलो. भूमिका ताणकाट्याला पिशव्या लावून जागच्या जागी कच्चं वजन बघत होती. भिकुबाई शेजारी उभी.

"कोनं जास्ती भरनं?" तिने विचारलं. "आमनं का तठलं, मजारनं?"

"मजारनं, अक्का," भूमिकाने सरळ सांगितलं. आतल्या जंगलाचं. ती खोटं बोलतच नाही, हा तिचा दुर्गुण आहे. "तुमनं निम्मंसुद्धा नही."

भिकुबाई काट्यापासून दोन पावलं मागे सरली. तिच्या शेजारच्या शेवंताबाईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं उन्हाचा लावला असेल. भूमिका पिशव्यांना चिठ्ठ्या बांधण्यात गुंग. मला मात्र उगाचच वाटलं की आपण कोणाच्या तरी घरी जेवून भाजीला नाव ठेवलं.

पुढच्या खेपेला उंबरटेकच्या पिशव्या बऱ्या भरल्या. भूमिका खूश. "वारा सुटला होता ना, उशिरा गळाली असतील," म्हणाली. आणि त्याच्या पुढची खेप आली ती आखाजीच्या आदल्या दिवशी.

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. उंबरटेकला लिंबाच्या झाडाला झोका टांगलेला होता आणि त्यावर शेवंताबाईची लग्न झालेली पोरगी सपना उभ्याने झोका घेत होती. भूमिकालाही ओढून बसवलं. प्रबंध लिहिणारी बाई, पण झोक्यावर चढली की किंचाळायला लागली. मीही एक झोका घेतला. गुडघ्यांनी नंतर दोन दिवस त्याची वसुली केली.

जाळ्या बघायला गेलो तर काय, सगळ्या तुडुंब! झोळी खाली लोंबलेली. वैशाखाचं ऊन, वर झाडाला पान नावाला उरलेलं आणि खाली जाळी भरलेली. बायका लांब उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या, एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. भूमिका पिशवी उचलायची, काट्याला लावायची आणि माझ्याकडे डोळे मोठे करून बघायची. आतल्या जंगलाच्या वर गेलं होतं वजन.

चोपडा रस्त्याला आलो आणि मोबाईलला रेंज मिळाली तशी तिने गाडी कडेला घेऊन धुळ्याला तिच्या सरांना फोन लावला. राजदीप सर माणूस सज्जन, पण उत्साह आला की समोरच्याला बोलू देत नाहीत. फोनमधून त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मोकळ्या जंगलात पानगळ उशिरा होते आणि एकदम होते! भूमिका, हे नवीन आहे! शेवटचं प्रकरण यावरच लिहा. आलेख काढून पाठवा मला. जूनची काळजी सोडा, मे संपायच्या आत होतंय तुमचं!"

ती गाडीत टाळ्या वाजवायला लागली. मीही वाजवल्या. मला आलेखातलं काही कळत नाही, पण सुनेला एवढं हसताना बघून मी त्या सागाच्या झाडांना हात जोडले. घरी जाऊन यजमानांना सांगितलं, ते म्हणाले, "पाचोळ्याले बी चांगले दिवस येतात मंग."

दुसऱ्या दिवशी आखाजीचं जेवण उरकून आम्ही दोघी गच्चीवर निवडायला बसलो. तांदूळ निवडायची माझी सवय इथे कामाला येते. सागाचं पान मोठं, पापडासारखं कुरकुरीत, ते एका बाजूला. काड्या एका बाजूला. मी पहिल्या पिशवीतून मूठ काढली, सुपात पसरली आणि थांबले.

सुपात गहू होते. चांगले टपोरे, मूठभर.

"काय वं," मी म्हटलं, "सागाले गहू केव्हापासून लागू राह्यले?"

भूमिकाने सूप ओढून घेतलं. दुसरी पिशवी सोडली. त्यातही गहू. सुपारी. एक हळकुंड. तिसऱ्या पिशवीत एका मोठ्या सागाच्या पानावर कुंकवाचं बोट लागलेलं. मग तिने पानं उलटी करून बघायला सुरुवात केली. खालच्या बाजूला उधईची, म्हणजे वाळवीची, माती चिकटलेली होती, काही पानं अर्धी कुजलेली. जाळीत अधांतरी झेललेल्या पानाला माती लागत नाही, हे माझ्याही डोक्यात आलं. ही जमिनीवरून गोळा केलेली होती. मागची, कुठली कुठली, पाट्या भरभरून आणून टाकलेली.

"ओटी भरली त्यांनी," भूमिका हळूच म्हणाली. "आई, त्यांनी जाळ्यांची ओटी भरली."

आखाजीला आलेली लेक रिकाम्या ओटीने परत कशी पाठवायची? गहू, सुपारी, हळकुंड ठेवलं आणि तिला आवडतो म्हणून वर पाचोळा. मला हसू आलं. खरंच आलं, मी पोट धरून हसले. मग तिच्याकडे बघितलं तर ती सुपात बोट फिरवत बसली होती आणि डोळ्यातून पाणी घळघळ.

माझं हसू जागच्या जागी थांबलं. मला तिचं रडणं सहन होत नाही. स्वतःच्या पोराचं रडणं मी सहन केलंय, त्याला बदडलंयसुद्धा, पण ही परक्या घरून आलेली आहे आणि माझ्या गच्चीवर रडतेय, हे मला सहन होत नाही.

"हे बघ," मी म्हटलं, "गहू येचून बाजूले टाक. पान तोल. लिहून टाक अन् दे पाठवून. कोनाले कयनार हाये?"

"मला."

"तू तोंड बंद ठेव मंग."

"आई, लोक झाडं तोडतात त्या जंगलात जास्त पान पडतं, असं मी लिहायचं? उद्या कोणी म्हणेल, तोडीने काही बिघडत नाही, उलट बरंच होतं. खाली माझी सही."

"तुझा तो प्रबंध वाचनार कोन? तुझे सर अन् उधई."

तेवढ्या रडण्यातही ती हसली. पण ऐकली नाही. एक महिना गाळून टाक म्हटलं, तर म्हणाली, मागच्या महिन्याचंही खरं नसणार. आणि पानगळीचेच महिने गेले तर उरलं काय? पुढची पानगळ येईपर्यंत थांबायचं, पुन्हा सगळं मोजायचं. म्हणजे जून गेला. म्हणजे ती जागा गेली. हे ती मला अगदी शांतपणे सांगत होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. तिच्यावर नव्हे, त्या उंबरटेकच्या बायकांवर. असलं कसलं प्रेम म्हणते मी! कोणी सांगितलं होतं ओटी भरायला? दोन वर्षं पोरीने उन्हात काढली, आणि यांनी पाट्यांनी पाचोळा ओतून तिचं वाटोळं केलं.

तिने सरांना फोन करायच्या आधी एकदा उंबरटेकला जाऊन विचारायचं ठरवलं. मी सोबत निघाले ती भांडायलाच. वाटेत "हळू" म्हणायचंही विसरले.

भिकुबाईने दारातच हात धरला. "या याहीनबाई, बसा. कैरीनं पन्हं करेल शे."

"पन्हं राहू द्या," मी म्हटलं. "आधी हे सांगा, जाळ्याइमधी पाला कोनं टाकला?"

मला वाटलं होतं कानावर हात ठेवतील. कसलं काय! भिकुबाईचा चेहरा फुलला. शेवंताबाई मागून पुढे आली. सपना, आणखी दोघी-तिघी जमल्या. जणू काही मी विचारलं होतं, एवढं सुंदर लुगडं कोणी घेतलं.

"आम्हीच टाकं ना! बठ्ठ्या बायास्नी मिळीसन," भिकुबाई म्हणाली. "आखाजीले आंडेर उनी, तिले रिकामी कशी धाडानी?"

"केव्हापासून, अक्का?" भूमिकाने विचारलं.

"होळीपासीन. तू सांगं ना, आमनं निम्मंसुद्धा नही."

भूमिका खाली बसली, मातीतच. आणि मग तिने त्यांना सगळं सांगितलं. रागावली नाही, काही लपवलंही नाही. जाळीत फक्त झाडाने टाकलेलं हवं होतं. तुम्ही टाकलेलं त्यात आलं, म्हणून दोन महिन्यांचं काम वाया गेलं. आता पुढच्या पानगळीला पुन्हा. ती एवढंच सांगून थांबली असती. जागेचं ती बोललीच नसती, म्हणून ते मी बोलले. नोकरी होती म्हटलं, कायमची, ती गेली तुमच्या ओटीपायी.

सपनाच्या कडेवरचं पोर पन्ह्याच्या तांब्याकडे हात करत होतं. शेवंताबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला वाटलं आता बरं वाटेल, मनातलं बोलून झालं. अजिबात बरं वाटलं नाही.

"पन," भिकुबाई म्हणाली, "मंग राहू दे ना तसंच. आम्ही कोनले सांगतस? जास्तीच लिख."

माझंच म्हणणं माझ्या याहीनबाईच्या तोंडून! मी मान डोलवायला लागले. पण भूमिका म्हणाली, "अक्का, तू मला सांग. तुम्ही का भरलं? ओटी भरायची होती तर माझी भरायची. जाळीची का?"

भिकुबाई जमिनीकडे बघून म्हणाली, "पाव्हनीना समोर रिकामी कोठी कोन दखाडस?"

ते ऐकलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. आमच्या घरीही एका वर्षी बाग झोपली होती, तेव्हा पाहुणे आले तर माझ्या सासूबाईंनी शेजारून धान्य आणून कोठीच्या तोंडाशी रचलं होतं. आत रिकामी पोती कोंबून वर धान्य. कोणाला फसवायचं म्हणून नव्हे, लाज झाकायची म्हणून. या बायका रोज त्या जंगलात जातात. तिथे काय उरलंय हे त्यांना ताणकाट्याशिवाय माहीत होतं. पण कोणी येऊन ते तोलून, मोठ्याने सांगितलं नव्हतं.

"मी कमीच लिहिणार, अक्का," भूमिका म्हणाली. "पण तुमची बदनामी म्हणून नाही. कमी आहे हे कागदावर आलं तर कोणी काही करेल. जास्त लिहिलं तर कोणी कशाला काही करेल?"

तिने पिशवीतून तक्ता काढला आणि सगळ्यांसमोर त्या दोन महिन्यांवर आडवी रेघ मारली. संध्याकाळी सरांना कळवलं. ते म्हणाले, बरोबर केलंत, मी मुदतवाढीचा अर्ज तयार करतो. जुलैमध्ये ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. मी त्या आठवड्यात कोणाशी धड बोलले नाही, यजमानांशी तर नाहीच. ते पुढचं.

त्या दिवशी रेघ मारून झाली तशी भिकुबाई उठली. "चाल," म्हणाली आणि रानाकडे चालायला लागली. काठीसारखी बाई, तिच्यामागे आम्ही सगळ्या. जाळ्या ओलांडून थोडं पुढे गेली, पायाने वाळलं गवत बाजूला सारलं. खाली सागाचं तुटलेलं खोड होतं, जमिनीला लागून, कडा झिजलेल्या.

"हाई लिखी ले," ती भूमिकाला म्हणाली. "हाऊ मना घरना मधला खांब शे."

भूमिका पेन हातात घेऊन तशीच उभी.

"लिख ना! तुले कमी का शे ते लिखनं शे ना?"

मग शेवंताबाई पुढे झाली. तिने एक खोड दाखवलं, ते सपनाच्या लग्नाच्या मांडवाला गेलं होतं. सपना म्हणाली, "माय, ते नही, ते पल्याडलं." दोघींचं तिथेच जुंपलं, कुठलं मांडवाचं आणि कुठलं गोठ्याचं. गावातल्या रुपचंदच्या घरावरच्या धाब्याला, म्हणजे मातीच्या छताला, कुठलं गेलं, यावर आणखी एकीने हात वर केला. थोड्या वेळापूर्वी ज्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, त्या आता एकमेकींना ओढून आपापली खोडं दाखवत होत्या. कोणी हसत होती, एक डोळे पुसत होती. भूमिका एका खोडावरून दुसऱ्याकडे धावत होती, टेपने घेर मोजत होती, लिहीत होती. तिचं तोंड उन्हाने लाल झालेलं. ती आनंदात होती, हे मला दिसत होतं, आणि मला ते आवडलं.

मी एका बाजूला दगडावर बसले होते. मला कोणी काही विचारलं नव्हतं. विचारायचं कारणही नव्हतं, मी पाहुणी, केळीवाल्यांच्या घरची, याहीनबाई.

पण माझ्या डोळ्यासमोर आमचं घर आलं. माझे सासरे घर बांधलं त्याची गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. सातपुड्याचा साग, म्हणायचे, उंबरटेकच्या रानातला, गाड्या भरून आणला, तिथल्या माणसांनी दोन दिवसांत तोडून दिला. चौकटी, दारं, माळ्याच्या फळ्या, ओसरीवरचा झोपाळा. मी गेली तीस वर्षं दर दिवाळीला त्याला तेल लावते आणि तोही माझा दागिनाच आहे असं मानते.

"भूमिका," मी हाक मारली.

ती टेप गुंडाळत आली. "काय आई? पाणी हवंय?"

"आपल्या घरचं बी लिही. चौकटी, दारं, माळा, झोपाळा. समदं अठलंच हाये. तुझ्या आजेसासऱ्यांनी नेलं."

भिकुबाई वळली. माझ्याशेजारी येऊन बसली.

"कुठलं खोड, आई?" भूमिकाने विचारलं.

मी उठून इकडेतिकडे बघितलं. गवतात पाय घालून बघितलं. इतक्या वर्षांत खोडं कुजून गेली असणार. जाळ्यांच्या पलीकडे मोठा उघडा पट्टा होता, एकही झाड नाही, शेळ्या चरत होत्या आणि ऊन नुसतं ओतत होतं.

"खोड नाही सापडायचं," मी म्हटलं. "ती मोकयी जागा दिसते ना, ती लिही."

तिने त्या बाजूला तोंड केलं आणि लिहायला लागली.